काकांची जुनी बास: लाल रंग काढू की राहू दे? शिवाय तिच्यासारखीच दुसरी करायची आहे

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. इथे जास्त करून पेटी, तबला, तंबोरा यांची चर्चा असते. बास गिटारचा विषय चालेल की नाही माहीत नाही, पण लाकूड, तार आणि आपली दमट हवा सगळ्याच वाद्यांच्या नशिबी आहे, म्हणून विचारतो.

माझे काका १९८० च्या आसपास ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. जत्रा, लग्नं, चवथीचे कार्यक्रम, मिळेल ते. ही बास त्यांनी हणजुणेत एका विदेशी माणसाकडून घेतली होती. परतीच्या तिकिटाला पैसे कमी पडले म्हणून तो विकत होता म्हणे. काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, बोटं वळत नाहीत. गेल्या महिन्यात माळ्यावरची केस खाली काढायला लावली आणि माझ्या हवाली केली. "कर काय करायचं ते, पण विकायची नाही," एवढंच म्हणाले.

अवस्था अशी आहे. हेडवर फेंडर प्रिसिजन बास (फेंडर ही अमेरिकन कंपनी) असं लिहिलंय, अक्षरं अर्धी पुसलेली. बॉडीला लालभडक ड्यूको (मोटारींचा रंग) मारलेला आहे, तो काकांनीच कुठल्याशा गॅरेजमध्ये मारून घेतला. कोपर टेकतो तिथे लाल झिजून खालून पिवळा दिसतो, आणि त्याच्याही खाली लाकूड. नेक (दांडा) इतकी वाकली आहे की बाराव्या फ्रेटजवळ (दांड्यावरच्या आडव्या पट्टीजवळ) तारेखालून पेन्सिल जाते. ॲम्पला लावली तर नुसता घुंऽऽ आवाज, तारेचा काहीच नाही. कासवाच्या पाठीच्या रंगाचं जे प्लास्टिक आहे (पिकगार्ड) ते आक्रसून कडांना उचललंय, एका स्क्रूपाशी चीर गेली आहे. ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या पत्र्याचे) स्क्रू गंजून घट्ट.

म्हापशाचा एक पेंटर म्हणतो, रिमूव्हर लावून दोन दिवसांत लाकूड कोरं करून देतो, मग हवा तो रंग मारा. मला तो जुना पिवळा-तपकिरी-काळा सनबर्स्ट हवा आहे. तर रंग काढू का? पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक आणि कॉइल) नवा घालू की जुना दुरुस्त होतो?

आणि दुसरं. मी शनिवार-रविवार कळंगुटच्या शॅकवर (किनाऱ्यावरच्या हॉटेलात) वाजवतो. तिथे ही बास न्यायची हिंमत नाही, म्हणून हिच्यासारखीच एक करून घ्यायची आहे. घरी जुन्या तुळईचा साग पडलेला आहे, उत्तम सुका. त्याची बॉडी होईल का? दिवाळीनंतर सीझन सुरू होतो, तोवर व्हायला हवी.

फोंड्याचा सुतार

त्या पेंटरला आजच फोन करून नको म्हणून सांगा. बाकीचं मग वाचा.

मी मूळचा फर्निचरवाला. भजनी मंडळांच्या पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करता करता गिटारी यायला लागल्या. माझ्याकडे येणारी बरीचशी जुनी विदेशी वाद्यं समुद्राने मारलेली नसतात, हौसेने मारलेली असतात. पेंट रिमूव्हरला लाल कुठला आणि पिवळा कुठला ते कळत नाही. तो दोन्ही खातो, खालचा सीलर खातो, लाकडात मुरलेला पिवळा डायही ओढून काढतो. तुमचा पेंटर कोरं लाकूड देईल यात शंका नाही. पण मग ती फेंडर राहील का, हा प्रश्न आहे.

थिनरने हलक्या हाताने पुसायचा विचारही करू नका. साठच्या दशकात फेंडरचा सनबर्स्ट नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असायचा, जाड पॉलिएस्टर थर आला तो १९६८ च्या सुमारास. गॅरेजवाल्याचा ड्यूकोही बहुधा त्याच जातीचा. फेंडर ऑर्डरप्रमाणे जे खास रंग देत असे तेसुद्धा ड्यूपाँ कंपनीचे मोटारींचेच रंग होते, तेव्हा तुमच्या काकांनी जगावेगळं काही केलेलं नाही. अडचण एवढीच की ज्या थिनरने वरचा सुटतो, त्यानेच खालचाही सुटतो.

पण त्याआधी मुळात ही बास कोण आहे ते ठरवू. हेडवरच्या नावावर जाऊ नका, ते स्टिकर आहे. सत्तरच्या दशकात जपानमध्ये हुबेहूब नकला निघत होत्या, आणि त्यातल्या काही इतक्या चांगल्या की आज त्यांनाही गिऱ्हाईक आहे. तेव्हा मोजायला घ्या. नटपासून (हेडजवळ तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ४३२ मिलिमीटर भरलं पाहिजे, म्हणजे पूर्ण स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच. १९५१ साली पहिली प्रिसिजन आली तेव्हापासून तेच आहे. नटची रुंदी साधारण साडेचव्वेचाळीस. ती ३८ निघाली तर नेक जॅझ बास या फेंडरच्याच दुसऱ्या मॉडेलच्या मापाची.

मग तारा सैल करा, एकेक करून नाही, चारही थोड्या थोड्या. मागचे चार स्क्रू काढून नेक बाहेर घ्या. तिच्या टाचेवर महिना आणि वर्ष यांचा शिक्का असेल, फार जुनी असेल तर पेन्सिलीने लिहिलेलं. खाचेत पुठ्ठ्याचा वगैरे छोटा तुकडा निघाला तर फेकू नका, नेकचा कोन साधायला कारखान्यातही असले तुकडे घालत. मग गार्ड उचला आणि पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडा वाचा. सुरुवातीचे तीन अंक कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. त्यापुढे वर्ष आणि शेवटी आठवडा. मागच्या लोखंडी पट्टीवरच्या नंबरावर वर्ष ठरवू नका, पट्ट्या डब्यातून हाताला येईल तशा लावल्या जायच्या. आणि सोल्डरचा कुठलाही जुना डाग उकलू नका. कारखान्याचं सोल्डर हासुद्धा पुरावाच असतो.

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मिळतो, तो आणा. रात्री दिवे घालवून बॉडीवर मारा. जुना नायट्रो हिरवट-पिवळा उजळतो, नंतरचा रंग बहुधा काळपट राहतो. गार्डच्या खाली काय दिसतं ते मुख्य.

स्क्रू गंजलेत म्हणून पकडीने पिळू नका. सोल्डरिंगची गरम इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, थोडं निवू द्या आणि मग बरोबर मापाचा ड्रायव्हर लावा. जाड पुठ्ठ्यावर बासचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा. एका भोकातला दुसऱ्यात गेला की लाकडाची पकड गेली. सगळ्याचे फोटो टाका, मग रंगाचं बोलू.

वास्कोचा रेडिओवाला

पिकअपचं मी सांगतो, सुताराने लाकडाचं बघावं. (फोंडेकर, राग नको.)

घुंऽऽ येतंय म्हणजे वायर ॲम्पपर्यंत पोचते आहे, मध्ये कॉइल तुटलं आहे. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांचा असतो. एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली, आणि दोन्ही एकामागे एक जोडलेले. त्यातला एक मेला की दोन्ही गप्प. तेव्हा पूर्ण पिकअप गेला असं समजून नवा मागवू नका. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा आणि दोन तुकडे वेगवेगळे मोजा. चांगला तुकडा ५ ते साडेपाच दाखवतो, दोन्ही मिळून १० ते ११. मेलेला काहीच दाखवणार नाही.

हे तुकडे मरतात का, ते गोव्यात राहणाऱ्याने तरी समजून घ्यावं. त्या काळच्या पिकअपला प्लास्टिकची रीळ नाही. वर-खाली दोन काळे फायबरचे पत्रे, त्यांत आठपैकी चार-चार चुंबकाचे दांडे ठोकलेले, आणि तांब्याची तार थेट त्या चुंबकांवरच गुंडाळलेली. मध्ये फार तर लॅकरचा पातळ थर. चुंबक ॲल्निकोचे, त्यात लोखंड आलंच. खारी हवा शिरली, दांड्यांना गंज चढला, गंज फुगला, तारेवरचं इन्सुलेशन सोललं आणि एक दिवस आतला पहिलाच वेढा तुटला. बाहेरून बघाल तर पिकअप नवाकोरा वाटेल.

पहिल्यांदा बाहेरचं टोक जिथे डागलेलं आहे ते भिंगाखाली बघा. तिथेच तुटली असेल तर दहा मिनिटांचं काम. आत तुटली असेल तर पुन्हा गुंडाळणं आलं. मूळ तार अमेरिकन ४२ गेज, उघड्या तांब्याचा व्यास ०.०६३ मिमी. आपल्याकडे मोटर वाइंडिंगवाल्यांकडे एसडब्ल्यूजी (ब्रिटिश) मापाने मिळते, त्यातली ४६ नंबर सगळ्यात जवळची, ०.०६१ मिमी, केसाहून बारीक. किंचित बारीक असल्यामुळे तितक्याच वेढ्यांना ओहम आठेक टक्के जास्त येतील. म्हणून ओहम जुळवायला वेढे कमी करू नका. वेढे मोजा, सुमारे दहा हजार.

वेढे मोजायला माझी युक्ती स्वस्तातली आहे. शिवणयंत्राची मोटर, चकतीवर एक छोटं चुंबक, समोर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा), आणि त्या स्विचच्या दोन वायरी साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' बटणाच्या पट्ट्यांवर डागलेल्या. एक अधिक एक दाबून मोटर सुरू केली की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने चढतो. वेग फार ठेवला तर कॅल्क्युलेटरला गिळता येत नाही आणि तारही तुटते, तेव्हा सावकाश. तार दोन बोटांत कापसाच्या कापडातून सोडायची, ताण बोटांना कळतो.

जुनी तार कापण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा: कुठल्या दिशेने गुंडाळली आहे, आणि चुंबकांचा वरचा ध्रुव कुठला (होकायंत्र लावलं की कळतं). दोन तुकड्यांचे ध्रुव उलट आणि वेढ्यांची दिशाही उलट, म्हणून घुंऽऽ आपोआप कटतो. हे चुकलं तर दुरुस्त झालेला पिकअप पहिल्यापेक्षा जास्त घोंगावेल. चुंबक दांडे उपटू नका. जागच्या जागी गंज खरवडा, पातळ लॅकर द्या, वर पॉलिएस्टर टेपचा एकच वेढा घाला आणि मगच तार. शेवटी पॅराफिन आणि थोडं मधमाशांचं मेण एकत्र करून ६५ अंशांवर बुडवा. गॅसवर थेट नको, पाण्याच्या भांड्यात ठेवून.

जिवंत तुकड्याला हात लावायचा नाही. "एक करतोय तर दोन्ही करून टाकू" म्हणणारे भेटतील. त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा.

हणजुणेचा पर्यटक

विकायची आहे का? फोटो पाहून लगेच भाव सांगतो.

डिचोलीकर

वर लिहिलंय, विकायची नाही.

म्हापसेकर

मी तीसेक वर्षं बास वाजवतो. लग्नं, फेस्त, तियात्राचा पिट, सगळीकडे. माझं मत वेगळं आहे. शिक्के आणि यूव्ही टॉर्च ठीक आहे, पण वाद्य वाजवायला असतं. तिला कपाटात ठेवून तिची नक्कल शॅकवर नेणार म्हणजे लोक नक्कल ऐकणार आणि खरी बास माळ्यावरून कपाटात येणार. काय बदललं?

जेम्स जेमर्सनचं नाव ऐकलं असेल. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या किती गाण्यांत त्याची १९६२ ची प्रिसिजन आहे. जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या) तारा लावलेल्या आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. मळकट तारा, उंच ॲक्शन (तारा फ्रेटपासून वर), उजव्या हाताचं एकच बोट. कलेक्टरने त्या बासला नाक मुरडलं असतं. आवाज तरीही तोच लागतो.

तेव्हा पिकअप चालू करा, नेक सरळ करा, फ्लॅटवाउंड लावा आणि वाजवा. फ्लॅटवाउंड म्हणतोय त्याला कारण आहे: त्या गुळगुळीत असल्याने जुने फ्रेट कमी खातात, आणि घामाच्या बोटांनी त्यांत मळ बसला तरी त्या बिघडत नाहीत, उलट गोड होतात. फक्त ताण राउंडवाउंडपेक्षा (गोल तारेने गुंडाळलेल्यांपेक्षा) थोडा जास्त असतो, चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलो नेकवर कायम ओढ. म्हणून हलक्या सेटपासून सुरुवात करा. ब्रिजवर लोखंडी झाकण असायचं, त्याच्या आत फोमचा तुकडा. झाकण हरवलं असेल तरी तारांखाली ब्रिजपाशी बोटभर फोम सरकवा आणि ऐका. मग जुन्या रेकॉर्डवरची बास अशी का वाजते ते कळेल.

डिचोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांच्या देखत उघडली. पेंटरला नाही म्हटलं, तो रागावला.

स्केल बरोबर भरलं, नट साडेचव्वेचाळीस. नेकच्या टाचेवर ऑक्टोबर ६६ चा शिक्का आहे. दोन्ही पॉटवर १३७६६२५. डाग सगळे जुनेच दिसतात. नेकच्या खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा निघाला, परत तिथेच ठेवला. पिकअपचा जाड तारांकडचा तुकडा ५.३ दाखवतो, बारीक तारांकडचा काहीच नाही. वास्कोकर, भिंगाखाली टोक शाबूत दिसतंय, म्हणजे आत तुटलं असणार.

गार्डच्या खाली सनबर्स्ट आहे! गॅरेजवाल्याने गार्ड न काढताच लाल मारलेला. यूव्हीमध्ये तो भाग हिरवट उजळला, लाल भाग विझल्यासारखा. ट्रस रॉडच्या (नेकच्या आतल्या लोखंडी सळीच्या) नटला हात लावला नाही, पण स्क्रू ड्रायव्हरची खाच जरा चेपलेली आहे.

काकांना विचारलं, इतका छान रंग असताना लाल का मारला? म्हणाले, ऑर्केस्ट्राचा ड्रेस लाल होता. लाल शर्ट, पांढरी पँट. मालकाने सांगितलं, गिटारी पण लाल पाहिजेत. ड्रमसुद्धा रंगवला होता म्हणे.

आता सांगा, काय करू? आणि नवीनचं?

फोंड्याचा सुतार

पॉट जून १९६६ चे, नेक ऑक्टोबरची. पॉट आधी बनतात आणि मग बसतात, तेव्हा सगळं जुळतं. लिओ फेंडरने कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या मोठ्या अमेरिकन कंपनीला विकली, म्हणजे ही त्यानंतरची. त्याआधीच्या बासना बाजारात वेगळाच भाव असतो, आणि त्यात रंग मूळचा नसला की किंमत निम्म्यावर आली असं धरून चालतात. तुम्हाला विकायचीच नाही, तेव्हा हा हिशेब पर्यटक साहेबांसाठी.

माझं मत: लाल राहू दे.

लाल काढता येतो, हे आधी सांगतो, म्हणजे जमत नाही म्हणून नको म्हणतो असं वाटायला नको. दाढीचं ब्लेड घ्यायचं, दोन्ही टोकांना टेप लावायची म्हणजे कोपरा रुतत नाही. ते जवळजवळ उभं धरून स्वतःकडे ओढायचं, दाबायचं नाही. लालची भुकटी निघते. ती गुलाबी पडायला लागली की थांबायचं, कारण त्याखाली जुना लॅकर आलेला असतो. मग १२०० चा पॉलिशपेपर, पाण्याऐवजी टर्पेंटाइनचे दोन थेंब. टर्पेंटाइन नायट्रोला सोडवत नाही, आणि पाणी स्क्रूच्या भोकांतून लाकडात शिरून कडा फुगवतं. एवढी बॉडी अशी खरवडायला महिना जाईल. हाती काय येईल? गॅरेजवाल्याने रंग धरावा म्हणून मारण्याआधी खसाखसा घासलेलंच असणार, ते त्यांचं नेहमीचं. म्हणजे खालचा सनबर्स्ट ओरखडलेला, कडांना पार गेलेला. त्यावर परत लॅकर मारावा लागेल, म्हणजे पुन्हा रंगकाम. त्यापेक्षा ऑर्केस्ट्राचा लाल काय वाईट आहे? तुम्हाला सनबर्स्ट हवा आहे ना, तो नवीन बासवर मारू.

गार्ड सेल्युलॉइडचा आहे. तो आक्रसतच राहणार, त्याला कोणी थांबवू शकत नाही. ओढून जुन्या भोकांवर बसवायला गेलात तर चीर आरपार जाईल. काढा, कागदात गुंडाळून हवेशीर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्याचा वायू कोंडला की शेजारचं लोखंड गंजतं. आणि देवाच्या दिव्यापासून लांब, हे भयंकर पेटतं. वाजवायला नवीन गार्ड कापू.

आता नेक. या बासचा ट्रस रॉड टाचेकडून फिरतो, म्हणजे प्रत्येक वेळी नेक सोडवावी लागते. तुम्ही हात लावला नाहीत ते उत्तम. खाच चेपली आहे म्हणजे कोणीतरी आधी जोर काढलेला आहे, बहुधा नट शेवटापर्यंत आवळलेला. तो आधी पूर्ण सैल करायचा, आतलं मळकं तेल पुसायचं, खाली एक पातळ वॉशर घालायचा, नेक शिकंज्यात उलटी दाबून सरळ धरायची आणि मग पाव-पाव फेरा आवळायचा. रॉडने नेक ओढायची नाही, सरळ केलेली नेक रॉडने धरून ठेवायची. एवढ्याने नाही आली तर गरम करून दोन-तीन दिवस शिकंज्यात. ते माझ्याकडे, तुमच्या घरी इस्त्रीने नव्हे. तारा चढल्यावर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबायचा, मध्ये आठव्यापाशी तारेखाली लग्नाच्या पत्रिकेचा कागद जेमतेम सरकला पाहिजे, साधारण ०.३ मिमी. फ्रेट आहेत तेच ठेवू, फक्त कानशीने समतल करून घेऊ.

म्हापसेकर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि नाही. वाजवावी, रोज वाजवावी, पण काकांच्या ओसरीवर. शॅकवर समुद्राचा खारा वारा थेट पिकअपमध्ये जातो आणि वास्कोकरांनी आत्ताच सांगितलं तो काय करतो. शिवाय दुसरी गोष्ट. डिचोलीचे पोरगे आज ना उद्या बोटीवर बँडमध्ये जातात. साठच्या दशकातल्या फेंडरचा फ्रेटबोर्ड ब्राझीलच्या शिसवीचाही असू शकतो. ती शिसवी १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, आणि असलं वाद्य सीमेपार न्यायचं तर आधी कागदपत्रांच्या मागे लागावं लागतं. आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीवर २०१७ मध्ये निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. नक्कल करण्यामागे माझं हेही एक कारण आहे.

तर नवीन बास. साग नको. साग टिकतो, हलत नाही, सगळं खरं, पण जड. फेंडरची बॉडी आल्डर या विदेशी लाकडाची, साधारण सव्वादोन किलो. तीच सागात केली तर पाऊण ते एक किलो वाढेल, रात्रभर खांद्यावर घेऊन बघा. फणस, आंबाही त्याच वजनाच्या आसपास. आल्डरच्या जवळ जाणारं आपल्याकडचं लाकूड म्हणजे शिवण. हलकी, सुकल्यावर मुकाट राहणारी, हत्याराला मऊ. तून मिळाला तरी चालेल, सतारींना वापरतात तो. फळी घेताना वजन करा. एक घनफूट तेरा-चौदा किलोच्या वर जात असेल तर ठेवून द्या. पूर्ण रुंदीची एकच फळी शोधत बसू नका, कारखान्यातही दोन-तीन तुकडे जोडूनच करायचे.

साग वाया जाणार नाही, जिग (हत्यार चालवायचा साचा) करायला लागेल. नेकला मेपल विकतच आणू. फ्रेटबोर्डला मात्र शिसवी इथलीच: जुन्या घरातली मोडकी खाट, खुर्चीचा दांडा असं काही असेल तर शोधा. शंभर वर्षं सुकलेली शिसवी वखारीत मिळत नाही.

माप तुमच्याच बासवरून घेऊ. बॉडी १२ मिमीच्या एमडीएफवर ठेवून आकार उतरवू, पण नेकची खाच पेन्सिलीने नाही, खऱ्या नेकच्या टाचेला पट्ट्या टेकवून. तिथे कागदाएवढी फट राहिली तर नेक हलते. जाडी ४४ ते ४५. फ्रेटबोर्डची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची, आजच्या बासपेक्षा जास्त गोल, हाताला तोच फरक पहिल्यांदा जाणवतो. फ्रेटसाठी उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागायची, पहिला येतो ४८.५ मिलिमीटरवर. पण पट्टीने एकेक पुढे मोजत जाऊ नका, चूक साचत जाते. सगळी मापं नटपासूनच.

हेडवर फेंडरचं नाव लावणार नाही, आत्ताच सांगतो. स्टिकर बाजारात मिळतात, पण माझ्या दुकानात लागत नाहीत. आत, नेकच्या खाचेत, मी माझं नाव आणि साल लिहितो.

दिवाळीचं विसरा. कापणं, जोडणं, फ्रेट हे सगळं पावसातही होतं. लॅकर नाही होत. दमट हवेत स्प्रे मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि सनबर्स्ट दुधाळ होतो. रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घालून काही जण रेटतात, पण मी जुलै-ऑगस्टला स्प्रेची बंदूक धूतसुद्धा नाही. डिसेंबरअखेर हवा कोरडी झाली की मारू, महिनाभर सुकू देऊ. तोवर शॅकवर दुसरं काहीतरी वाजवा.

म्हापसेकर

फेब्रुवारी म्हणजे सीझन अर्धा गेला! बॉडीला नुसतं चपड्याचं पॉलिश मारून द्या की त्याला. आणि ओसरीवर वाजवायचं ठरलंच तर मला बोलवा, ऐकायला येतो. लाल शर्ट आहे माझ्याकडे.

फोंड्याचा सुतार

चपडा घामाने दोन रात्रीत पांढरा पडतो. पण हरकत नाही, लॅकरच्या वेळी तो घासून काढता येईल. डिचोलीकर, तुम्हाला चालणार असेल तर बॉडी नोव्हेंबरात चपड्यावर देतो, जानेवारीत परत आणा.

वास्कोचा रेडिओवाला

मेलेला तुकडा पाठवताना जिवंत तुकडाही सोबत द्या. दिशा आणि ध्रुव मला त्याच्याशी ताडून बघायचे आहेत. कापसात गुंडाळा, आणि दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत. चुंबकांचे सारखे ध्रुव एकमेकांवर दाबले गेले तर त्यांची ताकद उतरू शकते.

डिचोलीकर

चालेल, नोव्हेंबरात चपडा. शिवणीची एक फळी आमच्याकडच्या वखारीत बघून ठेवली आहे, हिशेब केला तर घनफुटाला साडेतेरा किलो भरते. मामाच्या घरी शिसवीची मोडकी आरामखुर्ची आहे, मामीला अजून विचारलेलं नाही. रविवारी सकाळी फोंड्याला येतो, नेक आणि बॉडी वेगवेगळी घेऊन. काका पण येतो म्हणतात.